सार्वजनिक स्नानगृहे व लॉकरच्या खोल्या : सर्वांना वापरता येईल अशा साहित्याची निवड



ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नई सडक नावाचा रस्ता आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१०च्या सुमारास येथे आपल्या सैन्याचा तळ दिला. तळाची वस्ती झाली, वस्तीचे शहर झाले आणि छावणीचे ‘लष्कर’ हे नाव त्या भागाला कायमचे चिकटले. शिंदेशाहीबरोबर आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही ग्वाल्हेरात नांदत आहेत. जुन्या शहरांतील बाजारपेठांची ठेवण बहुतेक ठिकाणी एकसारखीच आढळते. खाली दुकान, वर बिऱ्हाड अथवा कचेरी, दर्शनी बाजूस दोन-तीन पायऱ्या आणि आत एक अरुंद जिना. अलीकडच्या काळात अशाच पेठांतून व्यायामशाळा, लॉज, मंगल कार्यालये आणि पोहण्याच्या शिकवण्या चालविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या जाहिरातीत यंत्रांची चित्रे असतात. स्नानगृहाचे चित्र सहसा नसते.

या विषयाची चर्चा ग्वाल्हेरपासून सुरू करण्यास एक विशेष कारण आहे. दिव्यांग खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी ग्वाल्हेर येथे केंद्र उभारण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये घेतला. पुढे ते केंद्र अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या निर्णयात ज्या सोयींची यादी देण्यात आली होती तीत मैदान, बंदिस्त क्रीडागृह, एक आच्छादित व एक उघडा असे दोन जलतरण तलाव, वैद्यकीय सोयी आणि वसतिगृह यांच्या जोडीला दिव्यांगांना वापरता येतील अशा लॉकरचाही स्पष्ट उल्लेख होता. कोट्यवधी रुपयांच्या योजनेत लॉकरसारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूचे नाव यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती यादी ज्यांनी केली त्यांना हे ठाऊक असले पाहिजे की, खेळाडूचा दिवस तलावात उतरण्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत सुरू होतो आणि तेथेच संपतो.

ग्वाल्हेरची प्राची यादव प्रथम जलतरणपटू होती. पुढे ती पॅरा कॅनोइंगकडे वळली, टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धांत तिने सुवर्णपदक मिळविले. महाराष्ट्रातील वाचकांना तर मुरलीकांत पेटकर यांचे नाव सुपरिचित आहे. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत त्याने सुवर्णपदक पटकाविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. अशा खेळाडूंच्या पदकांची वार्ता सर्वत्र पोचते. तलावातून बाहेर आल्यावर अंगावरचे क्लोरीनचे पाणी धुण्यासाठी त्यांना कोणाच्या तरी पाठीवर बसून न्हाणीघरात जावे लागले की काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

खेळाडू केंद्राच्या आवारात असेपर्यंत त्याची सोय पाहिली जाते. सुटीच्या दिवशी तो बाजारात येतो, त्याचे आईवडील भेटीस येऊन जवळच्या लॉजमध्ये उतरतात आणि प्रशिक्षण संपल्यावर तो आपल्या गावी जाऊन तेथील व्यायामशाळेत नाव घालतो. तेथे त्याच्या वाट्याला येणारे स्नानगृह कोणा व्यावसायिकाने, गवंड्याच्या आणि प्लंबरच्या सल्ल्याने, दुकानातील नमुने पाहून सजविलेले असते. प्रश्न त्या निवडीचा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगणे पुरेसे होईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सुगम्यतेच्या नियमांचे पालन केल्याखेरीज बांधकामास परवानगी देऊ नये, असे त्याच्या कलम ४४ मध्ये म्हटले आहे. कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या संस्थांना, मग त्या शासकीय असोत वा खाजगी, नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आपली सेवा सुगम्य करावयाची होती. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. कलम ३० मध्ये क्रीडाविषयक सोयींचा स्वतंत्र उल्लेख आहे. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या प्रकरणात निकाल देताना सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. म्हातारपणाने गुडघे धरलेली, बाळंतपणाने अशक्त झालेली किंवा पायाला प्लास्टर घातलेली माणसे तीत मोजलेली नाहीत. नीट निवडलेल्या स्नानगृहाचा उपयोग त्यांनाही होतो.

साहित्य निवडताना बहुतेक मालक दुकानात जातात आणि ‘अपंगांसाठीचा सेट’ मागतात. दुकानदार एक चकचकीत दांडा, एक उंच कमोड आणि दारावर लावण्याची निळी पाटी असे तीन जिन्नस पुढे ठेवतो. ही खरेदीची पद्धतच मुळात उलटी आहे. प्रथम माणसाची वाट पाहिली पाहिजे. चाकाच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य दारातून आत येतो, लॉकर उघडतो, बाकावर सरकतो, कपडे उतरवितो, पुन्हा खुर्चीवर येतो, न्हाणीच्या जागेपर्यंत जातो, खुर्चीवरून न्हाणीच्या आसनावर सरकतो, नळ उघडतो, अंग धुतो, पुसतो आणि त्याच वाटेने परत येतो. या साखळीतील एक कडी तुटली तरी बाकीचे सारे साहित्य वाया जाते. दार ९०० मिलिमीटर मोकळे नसेल तर आतील आयात केलेल्या आसनाचा काय उपयोग? आत खुर्ची वळविण्यास १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा नसेल तर माणूस आत गेला तरी बाहेर येताना त्याला मागे मागे यावे लागते, आणि ओल्या फरशीवर ते धोक्याचे असते.

या वाटेवरचा पहिला अडथळा उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपल्याकडे न्हाणीघराला दगडी पट्टी किंवा विटांचा कट्टा घालण्याची रीत आहे. पाणी अडविण्याचे काम उतार आणि जाळी यांनीही होते. फरशीला साधारण पन्नासास एक इतका उतार मागच्या भिंतीकडे दिला आणि तेथे लांबट जाळी बसविली तर पाणी दाराकडे येत नाही. उंची ठेवणे भागच असेल तर ती बारा-तेरा मिलिमीटरहून अधिक नसावी व तिची कड घासून उतरती करावी. जाळीची छिद्रे बारीक असावीत, कारण कुबडीचे टोक किंवा खुर्चीचे पुढचे लहान चाक मोठ्या छिद्रात अडकते. गुळगुळीत चकचकीत टाइल पाहण्यास सुरेख दिसते, परंतु साबणाचे पाणी पडल्यावर तिच्यावर धडधाकट मनुष्यही घसरतो. खडबडीत पृष्ठभागाची फरशी घ्यावी. ती घासण्यास जरा जास्त वेळ लागतो, ही सफाई कामगारांची तक्रार खरी आहे, व तेवढा वेळ त्यांच्या कामात धरलाही पाहिजे.

आता आसनाविषयी. उभे राहून शॉवरखाली आंघोळ करणे हाच आंघोळीचा खरा प्रकार आहे, अशी समजूत आधुनिक साहित्याच्या दुकानांतून पसरली आहे. मराठी घरांतील जुनी आंघोळ बसून होत असे. मोरीत पाट किंवा दगड, शेजारी घंगाळ किंवा बादली, आणि हातात तांब्या. आसनाची मागणी करणारा मनुष्य कोणतीही विलक्षण गोष्ट मागत नाही. पाट फक्त वर उचलून भिंतीला लावावयाचा आहे. आसनाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे सुमारे ४५ ते ४८ सेंटिमीटर असली म्हणजे मनुष्य एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सरकू शकतो. पाच-सात सेंटिमीटरांचा फरक पडला तरी त्याला हातांच्या जोरावर सारे शरीर उचलावे लागते. घडी घालून भिंतीशी लावता येणारे आसन उत्तम, कारण ज्याला स्वतःच्या न्हाणीच्या खुर्चीवर बसून स्नान करावयाचे असेल त्यालाही जागा मोकळी मिळते. प्लॅस्टिकचे सुटे स्टूल ओल्या फरशीवर सरकते. ते ठेवून सोय केल्याचे समाधान मानू नये.

आधाराच्या दांड्यांबाबत सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दिसून येत नाहीत. टॉवेल वाळत घालण्याची नळी व आधाराचा दांडा या वस्तू दुरून सारख्याच दिसतात. पहिली दोन किलोंचा भार घेण्यासाठी बनविलेली असते. दुसऱ्यावर घसरणारा मनुष्य आपले सारे वजन एका झटक्यात टाकतो. अमेरिकेच्या २०१० च्या मानकांत असा दांडा कोणत्याही ठिकाणी २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा भार घेईल अशी अट आहे. दांडा मुठीत मावेल असा, व्यासाने तीन ते पाच सेंटिमीटर, आणि भिंतीपासून सुमारे चार सेंटिमीटर दूर असावा. त्याहून अधिक फट ठेवली तर घसरताना मनगट किंवा कोपर आत अडकून मोडण्याची भीती असते. उंची जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटर ठेवण्याचा त्या मानकांचा दंडक आहे.

तथापि दांड्यापेक्षा भिंत महत्त्वाची. पूर्वीच्या भक्कम विटांच्या भिंतीत लांब बोल्ट पकड घेत असे. हल्ली हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती बांधतात. त्यांत साधा प्लग व स्क्रू बसविला तर पहिले काही महिने तो ठीक दिसतो आणि एके दिवशी टाइलसकट बाहेर येतो. म्हणून भिंत बांधतानाच, टाइल लावण्यापूर्वी, दांडे जेथे यावयाचे तेथे काँक्रीटचा पट्टा भरून घ्यावा. जुन्या भिंतीत आरपार बोल्ट घालून मागील बाजूस लोखंडी पट्टी द्यावी. हवेच्या दाबाने चिकटणारे रबरी वाट्यांचे दांडे बाजारात स्वस्त मिळतात. ते न्हाणीघरात लावणे म्हणजे माणसाला खोटा भरवसा देणे होय. दांडा बसवून झाल्यावर मालकाने अथवा मुख्याध्यापकाने स्वतः त्याला लोंबकळून पाहावे. ही परीक्षा फुकट आहे.

नळाच्या तोटीची निवड हाताचा विचार करून करावी. गोल, गुळगुळीत मूठ असलेली तोटी साबणाच्या हाताने कोणालाच नीट फिरविता येत नाही. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजीला तर ती मुळीच फिरत नाही, आणि कुष्ठरोगाने बोटांची शक्ती व संवेदना गेलेल्या माणसालाही नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीमुळे हा रोग बरा होतो हे महाराष्ट्राने जवळून पाहिले. रोग बरा झाल्यावरही हातांची ही हानी अनेकांच्या वाट्याला राहते, हे नळ निवडणाऱ्याने विसरू नये. लांब दांडीची, एका हाताने, मुठीने किंवा कोपराने ढकलता येणारी तोटी सर्वांना चालते. तिची किंमत गोल तोटीपेक्षा फारशी अधिक नसते. नळ आसनावर बसलेल्याच्या हाताशी असावा, समोरच्या भिंतीवर नव्हे. आणि पाणी अंगावर पडण्यापूर्वी तो उघडता यावा अशा बेताने बाजूला असावा.

डोक्यावर पक्का बसविलेला शॉवर एकटाच पुरेसा नाही. ज्याला दुकानदार टेलिफोन शॉवर म्हणतात, तो हाती धरण्याचा, किमान दीड मीटर लांबीच्या नळीचा शॉवर आणि उंची कमी-जास्त करता येईल अशी उभी पट्टी घ्यावी. ग्रामीण भागात याचा आणखी एक फायदा आहे. टाकी छपरावर जेमतेम दीड-दोन मीटर उंचीवर असते, त्यामुळे डोक्यावरच्या शॉवरला पाण्याचा दाब मिळत नाही. तोच शॉवर हाती खाली धरला की टाकीपासूनचे अंतर वाढते व धार बरी येते. जेथे बादलीच वापरावयाची तेथे नळाखाली आसनाच्या उंचीचा छोटा ओटा करून बादली त्यावर ठेवण्याची व्यवस्था करावी. भरलेली बादली जमिनीवरून उचलणे बसलेल्या माणसाला अशक्य असते.

गरम पाण्याचा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्शज्ञान नसते. मधुमेह जुना झाला की कित्येकांच्या पायांची संवेदना कमी होते. अशा माणसाच्या पायावर उकळते पाणी पडत राहिले तरी त्याला कळत नाही. त्वचा लाल झालेली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि संवेदना नसलेल्या त्वचेवरची जखम महिनोन् महिने भरून येत नाही. साठ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. ४९ अंशांच्या पाण्याला त्याच कामास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या मानकांत अशा शॉवरला येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंश सेल्सिअस ठरविली आहे. आपल्याकडील विजेचे बंब साठ-सत्तर अंशांवर लावून ठेवण्याची सवय आहे, आणि वसतिगृहांच्या गच्चीवरील सौर बंबांतून उन्हाळ्याच्या दुपारी त्याहूनही कढत पाणी येऊ शकते.

यावर बंबच कोमट ठेवावा असा उपाय सुचविला जातो. तो बरोबर नाही. साठवणीचे पाणी दीर्घकाळ कोमट राहिले तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढण्याचा धोका असतो. टाकीत पाणी गरमच ठेवून तोटीपूर्वी थंड पाण्याशी त्याचे मिश्रण करणारी, उष्णतामान कायम राखणारी झडप बसविणे हा खरा उपाय होय. तिला थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणतात. ती साध्या मिक्सरपेक्षा बरीच महाग पडते, आणि एकूण खर्चात काटछाट करावयाची झाली तर प्रथम तिच्यावरच कुऱ्हाड चालते. काटछाट सजावटीच्या टाइलमध्ये करावी, दिव्यांत करावी, आरशांत करावी. या झडपेत करू नये. साध्या मिक्सरमध्ये शेजारच्या खोलीत कोणी थंड पाण्याचा नळ उघडला की थंड पाण्याचा दाब कमी होतो आणि न्हाणाऱ्याच्या अंगावर एकदम कढत धार येते. हा अनुभव लॉजमध्ये उतरलेल्या बहुतेकांना आहे. धडधाकट मनुष्य उडी मारून बाजूला होतो. आसनावर बसलेल्या माणसाला उडी मारता येत नाही.

लॉकरच्या खोलीत मुख्य वस्तू बाक ही आहे, लॉकर नव्हे. किमान एक बाक रुंद असावा, दहा-बारा इंचांची अरुंद फळी नसावी. अमेरिकन मानकांप्रमाणे तो सुमारे १०६ सेंटिमीटर लांब, ५१ ते ६१ सेंटिमीटर रुंद आणि उंचीला आसनाइतकाच असतो. त्याची मागची बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे तोल सांभाळण्यास पाठीला टेका मिळतो आणि आडवे होऊन पँट चढविता येते. पँट चढविण्याची ही गोष्ट उल्लेखण्यास क्षुल्लक वाटेल. ज्याला ती रोज करावयाची असते त्याच्या दृष्टीने बाकाची रुंदी हाच त्या खोलीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा असतो.

लॉकर एकावर एक तीन रांगांत असतील तर खुर्चीवरच्या माणसाला मधली रांग द्यावी. जमिनीपासून सुमारे चाळीस ते एकशेवीस सेंटिमीटर या पट्ट्यात बसलेल्याचा हात पोचतो. खालची रांग वाकून पाहावी लागते आणि वरची दिसतच नाही. लॉकरची रांग जमिनीपासून थोडी उचलून बसविली म्हणजे खुर्चीच्या पायपाट्या खाली जातात व माणूस जवळ येऊ शकतो. कुलूप एका हाताने, चिमटीत न धरता उघडता यावे. छोट्या किल्लीचे पितळी कुलूप अथवा बोटांनी फिरविण्याचे आकड्यांचे कुलूप अनेकांना चालविता येत नाही. काचेवर आकडे उमटणारे नव्या धर्तीचे विजेचे कुलूप अंध व्यक्तीला निरुपयोगी आहे, कारण त्यावर स्पर्शाला काहीच लागत नाही. त्यापेक्षा बरे म्हणजे मोठ्या डोक्याची किल्ली, तिला अडकविलेली उठावदार क्रमांकाची चकती आणि लॉकरवर त्याच क्रमांकाची उठावाची व ब्रेल पाटी. कृत्रिम पाय वापरणाऱ्याला तो न्हाण्यापूर्वी काढून ठेवावा लागतो. आसनापासून हाताच्या अंतरावर, पाण्याचे शिंतोडे पोचणार नाहीत अशी फळी व खुंटी नसेल तर त्याला एका पायावर लंगडत कोरड्या जागेपर्यंत जावे लागते.

क्षीणदृष्टी व्यक्तींसाठी रंगाचा विचार व्हावा. पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा, पांढरे आसन आणि पांढरी तोटी ही सजावट नेत्रसुखद मानली जाते, पण ज्याला फक्त ढोबळ छाया दिसते त्याला तेथे कोरी भिंत दिसते. गडद निळा किंवा तांबडा दांडा लावण्यास जादा काही पडत नाही. गरम व थंड पाण्याच्या तोट्यांवर रंगाबरोबर हाताला लागेल अशी खूणही असावी.

मदतनिसाचा प्रश्न बहुतेक आराखड्यांतून सुटलेला असतो. दिव्यांगांचे स्नानगृह पुरुषांच्या दालनात एक आणि स्त्रियांच्या दालनात एक असे काढतात. चौदा वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालणाऱ्या आईने कोणत्या दालनात जावे? अर्धांगवायू झालेल्या पत्नीला घेऊन आलेल्या पतीने काय करावे? अशी कुटुंबे तेथून परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. व्यवस्थापक मग सांगतात की, आमच्याकडे असे कोणी येतच नाही. यावर उपाय म्हणून किमान एक खोली दोन्ही दालनांच्या बाहेर, स्वतंत्र दाराची, दोन माणसे वावरू शकतील इतकी ठेवावी. बाक, लॉकर, संडास व न्हाणीची जागा तीतच असावी. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत उघडणारे दार आत पडलेल्या माणसाला अडून बसते आणि मदतीस आलेल्यांना ते ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी घ्यावी.

संकटसमयी ओढण्याची दोरी तांबड्या रंगाची असावी व तिची दोन कडी असावीत, एक बसलेल्याच्या हाताशी आणि दुसरे जमिनीपासून दहा सेंटिमीटरांवर, ब्रिटनमध्ये ठरविले आहे त्याप्रमाणे. पडलेला मनुष्य जमिनीवर असतो, हे त्याचे कारण. ही दोरी ओढल्यावर घंटेबरोबर दिवाही लागावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या कर्मचाऱ्यासही ते कळते. फरशी पुसताना अडथळा होतो म्हणून ही दोरी गुंडाळून वर बांधून ठेवण्याची प्रथा अनेक देशांत आहे, आणि याबाबतीत आपला देशही मागे नाही.

गावपातळीवर हे सारे कोठे लागू पडते, अशी शंका येणे साहजिक आहे. तालुक्याचे क्रीडा संकुल, आश्रमशाळेचे व समाजकल्याणचे वसतिगृह, यात्रेच्या गावचा भक्तनिवास, ग्रामपंचायतीची व्यायामशाळा आणि रस्त्यावरचा ढाबा ही सर्व त्याची स्थळे आहेत. नवे काम निघते तेव्हा अंदाजपत्रकात दांड्यांसाठी काँक्रीटचा पट्टा, रुंद दार आणि मागे उतरती फरशी या तीन बाबी घालून घेण्याचे काम सरपंचांना, शाखा अभियंत्यांना व शाळासमितीला सहज करता येईल. या तिन्हींचा खर्च बांधकामाच्या वेळी नगण्य असतो. पुढे करावयाचे झाल्यास फरशी फोडावी लागते. आसन, हातशॉवर व लॉकर वर्षाने घेतले तरी चालते. ज्यांच्यापाशी पैसा अगदीच बेताचा आहे त्यांनी खरेदीचा क्रम असा ठेवावा : प्रथम दार व फरशी, नंतर दांडे, नंतर गरम पाण्याची झडप, नंतर आसन, आणि सर्वांत शेवटी पाटी. प्रत्यक्षात पाटी प्रथम लागते.

आराखडा कायम करण्यापूर्वी गावातील चाकाच्या खुर्चीवरील एखाद्या व्यक्तीला, एखाद्या अंध शिक्षकाला आणि एखाद्या वृद्धेला जागेवर बोलावून फरशीवर खडूने रेषा आखाव्यात व त्यांना त्या रेषांत वावरून दाखविण्यास सांगावे. अर्ध्या तासात नकाशातील बहुतेक चुका दिसून येतात. १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १९७४ पासून चालू असलेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर या पुण्याजवळ खडकी येथील जायबंदी सैनिकांच्या संस्था आहेत. ज्या अधिकाऱ्यांना अशा सोयींचा रोजचा वापर समजून घ्यावयाचा असेल त्यांनी अशा ठिकाणी रीतसर परवानगी घेऊन जाऊन यावे.

देखभालीची बाब शेवटी येते आणि तीच प्रथम विसरली जाते. चांगल्या साहित्याने सजविलेली खोली सहा महिन्यांनी पाहिली तर पुष्कळदा तीत झाडू, फिनेलचे डबे व मोडक्या खुर्च्या भरलेल्या आढळतात आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात असते. खोली उघडी असावी. दर महिन्याच्या एक तारखेला कोणीतरी ठरावीक व्यक्तीने दांडे हलवून पाहावेत, बंबाचे पाणी तापमापीने मोजावे, जाळीतले केस काढावेत, दोरी ओढून घंटा वाजते की नाही ते पाहावे आणि वहीत सही करावी. ती वही दाराच्या आतील बाजूस, बसलेल्या माणसालाही वाचता येईल इतक्या उंचीवर टांगलेली असावी.